शेतमालासाठी स्वतःची गाडी : घेण्यापूर्वी करावयाचा हिशेब

पालघर, डहाणू, विक्रमगड व वाडा या तालुक्यांतील भाजीपाला मुंबईकडे निघाला की वरसावे पुलावरून खाडी ओलांडतो. पूल उतरल्यावर डावीकडचा घोडबंदर रस्ता ठाण्यामार्गे वाशीच्या बाजार समितीकडे जातो. सरळ गेल्यास काशीमिरा नाका, तेथून उजवीकडे मीरा रोड-भाईंदरची दाट वस्ती आणि पुढे दहिसर. याच टापूत रोज शेकडो पिकअप व टेम्पो भाड्याच्या शोधात उभे असलेले दिसतात. त्यांतील बऱ्याच गाड्यांचे मालक हेच चालक असतात आणि त्यांपैकी अनेकांच्या घरी शेती आहे.

भाजीपाला उत्पादकांच्या मेळाव्यात हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो. "गाडीभाड्यातच सगळा पैसा जातो, मग स्वतःची गाडी का घेऊ नये?" प्रश्न रास्त आहे. परंतु गाडी घेणे म्हणजे शेतीला जोडून दुसरा धंदा सुरू करणे होय आणि त्या धंद्याचे अर्थशास्त्र शेतीपेक्षा वेगळे आहे. पीक बुडाले तर एक हंगाम जातो. गाडीचा हप्ता मात्र पाऊस असो, भाव पडलेला असो, दरमहा ठरलेल्या तारखेस द्यावाच लागतो. प्रस्तुत लेखात या धंद्याचा हिशेब एका उदाहरणाने मांडला आहे. त्यातील किमती समजावून सांगण्यासाठी धरलेल्या आहेत. बंधूंनी त्या जागी आपल्या भागातील प्रत्यक्ष आकडे घालावेत.

दीड टनी पिकअपचे उदाहरण

मनोर परिसरातून घोडबंदरमार्गे वाशी हे अंतर एका बाजूने सुमारे १०० कि.मी. धरू. म्हणजे जाऊन-येऊन २०० कि.मी. गाडी दीड टन माल नेणारी, रस्त्यावर येईपर्यंतची किंमत रु. १०,००,०००. त्यात पदरचे रु. २,००,००० व कर्ज रु. ८,००,०००. कर्ज ५ वर्षांचे, व्याज उतरत्या शिलकीवर ११ टक्के. यावर मासिक हप्ता रु. १७,३९४ येतो आणि पाच वर्षांत सुमारे रु. २,४३,६०० व्याजापोटी जातात.

तक्ता १ : दरमहा ठरलेला खर्च (गाडी चालो वा उभी राहो)
कर्जाचा हप्ता — रु. १७,३९४
विमा (वर्षाचे रु. ४५,०००) — रु. ३,७५०
कर, परवाना, योग्यता प्रमाणपत्र इ. — रु. १,०००
गाडी उभी करण्याचे भाडे — रु. १,०००
चालकाचा पगार — रु. १८,०००
एकूण — रु. ४१,१४४

आता प्रत्येक फेरीस होणारा खर्च पाहू. भरलेली व रिकामी अशी सरासरी लिटरला १२ कि.मी. धरल्यास २०० कि.मी.ला सुमारे १६.७ लिटर डिझेल लागते. लिटरला रु. ९० भावाने ते रु. १,५०० होते. टोल रु. ३४०, टायरची झीज किलोमीटरला ८० पैसे याप्रमाणे रु. १६०, ऑइल, सर्व्हिसिंग व दुरुस्ती किलोमीटरला दीड रुपया म्हणजे रु. ३०० आणि चहा-जेवण रु. २००. एकूण रु. २,५०० झाले. टायर व दुरुस्ती यांचा पैसा त्या दिवशी खिशातून जात नाही, म्हणून बहुतेकांच्या वहीत तो नसतो. ४० हजार कि.मी. झाल्यावर टायरचा संच एकदम बदलावा लागतो, तेव्हा तो पैसा उसना काढावा लागतो.

महिन्यात २२ फेऱ्या झाल्या तर एका फेरीचा एकूण खर्च रु. ४,३७० पडतो. गाडी पूर्ण भरली असेल तर किलोला २ रु. ९१ पैसे. १५ फेऱ्या झाल्यास फेरीस रु. ५,२४३ म्हणजे किलोला साडेतीन रुपये. ८ फेऱ्याच झाल्या तर फेरीस रु. ७,६४३ म्हणजे किलोला ५ रु. १० पैसे. याच मार्गावर भाड्याची गाडी रु. ४,५०० ला मिळत असेल तर तिचा खर्च किलोला तीन रुपये येतो. म्हणजे भाड्यापेक्षा स्वतःची गाडी स्वस्त पडण्यासाठी महिन्यास किमान २१ भरलेल्या फेऱ्या व्हावयास हव्यात.

शेतात तेवढा माल आहे काय?

गाडीच्या दुकानात हा प्रश्न कोणी विचारत नाही. २१ फेऱ्या म्हणजे महिन्यास साडेएकतीस टन माल. वांग्याचे एकरी उत्पादन १० ते १२ टन धरले तर एका एकराचा सबंध हंगामाचा माल सात-आठ गाड्यांत जातो. तोडणी तीन महिने चालली तर महिन्यास चार टनांच्या आसपास. एकट्याच्या वांग्यावर ही गाडी पोसावयाची तर सुमारे आठ एकर वांगी एकाच वेळी तोडणीस हवीत. ठाणे-पालघर पट्ट्यातील किती भाजीपाला उत्पादकांकडे एवढे ओलिताचे क्षेत्र आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

पालेभाजीचा हिशेब तर आणखी निराळा आहे. मेथी, पालक, कोथिंबीर यांनी गाडीचा हौदा वजनाआधी आकारमानानेच भरतो. दीड टनी गाडीत कशीबशी सहा-सातशे किलो पालेभाजी मावते. त्याहून जास्त दडपून भरली तर मधल्या जुड्या तापून पिवळ्या पडतात. अशा मालाचा वाहतूक खर्च किलोवर काढताना दीड टनाने भागू नये, प्रत्यक्ष मावणाऱ्या वजनाने भागावे. २२ फेऱ्यांच्या महिन्यातही तो किलोला सहा रुपयांच्या वर जातो. वांगी, टोमॅटो, काकडी जाळीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये भरल्यास हवा खेळती राहते व खालचा माल चेपत नाही. मात्र परतीच्या फेरीत रिकामे क्रेट जागा अडवतात, हेही हिशेबात धरावे.

एकूण काय, आपला माल हा गाडीच्या पोटाचा एक भाग झाला. बाकीचा माल शेजाऱ्यांचा किंवा व्यापाऱ्याचा आणावा लागेल. तो मिळण्याची खात्री गाडीचा दाखला फाडण्याआधी करून घ्यावी. तोंडी "हो, हो" पुरेसे नसते, कारण शेजाऱ्याचा भाडेवाला ओळखीचा असतो आणि तो उधारीही ठेवतो.

स्वतः चालवली तर?

येथे अनेकजण म्हणतील की चालक कशाला, गाडी मीच चालवीन. मग ठरलेला खर्च रु. २३,१४४ वर येतो आणि १२ फेऱ्यांतच गाडी सुटते. कागदावर हे खरे आहे. प्रत्यक्षात चालकाचे १८ हजार वाचलेले नसतात, ते आपण स्वतःच्या मजुरीपोटी घेतलेले असतात. आणि ही मजुरी रात्रीची असते. संध्याकाळी तोडणी, रात्री भरणी, गायमुखच्या घाटातील कोंडीतून वाट काढत वाशी गाठावयाची, पहाटेचा बाजार उरकून दिवस चढल्यावर घरी. घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांना वेळेची बंधने असतात आणि ती सुटली की सगळी गर्दी एकदम रस्त्यावर येते. २०२३ मध्ये वरसाव्याचा नवा पूल सुरू झाल्याने खाडीवरची रखडपट्टी कमी झाली, घाटातील मात्र पूर्ण सुटलेली नाही.

रात्रभर जागलेला माणूस दुसऱ्या दिवशी फवारणी करीत नाही. वांग्यावरील शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कीडग्रस्त शेंडे वेळच्या वेळी खुडून नष्ट करणे व गरजेनुसार फवारणी करणे आवश्यक असते. हे काम आठ दिवस मागे पडले तर किडकी फळे वेचून टाकावी लागतात. गाडीवर मिळवलेले पैसे शेतात असे गळतात आणि दोन्ही वह्या वेगळ्या असल्यामुळे ते कळतही नाही. घरात दोन कर्ती माणसे असतील, एक शेताला व एक गाडीला, तरच स्वतः चालवण्याचा विचार करावा. झोप अनावर होऊन होणारे अपघात हा तर वेगळाच विषय आहे आणि त्याची किंमत रुपयांत मांडता येत नाही.

चालक ठेवावयाचा असल्यास एक बाब लक्षात असावी. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीस हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले व नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. परवान्याची मुदत मात्र दरवेळी पाहून घ्यावी.

कर्ज घेताना

वित्तसंस्थेचा माणूस "फक्त ८ टक्के" असे सांगतो तेव्हा ते व्याज सपाट पद्धतीचे आहे की उतरत्या शिलकीवरचे, हे प्रथम विचारावे. रु. ८ लाखांवर ८ टक्के सपाट व्याज म्हणजे पाच वर्षांचे रु. ३,२०,००० आणि हप्ता रु. १८,६६७. उतरत्या शिलकीच्या भाषेत हा दर १४ टक्क्यांहून थोडा अधिक होतो. म्हणजे ८ टक्केवाले कर्ज ११ टक्केवाल्यापेक्षा महाग निघाले! रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जदारास मुख्य तथ्यांचे पत्रक द्यावे लागते व त्यात सर्व आकार धरून वार्षिक दर लिहावा लागतो. हे पत्रक मागून घ्यावे व दोन-तीन ठिकाणची पत्रके शेजारी ठेवून वाचावीत. एप्रिल २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेतूनही मालवाहू गाडीसाठी कर्ज मिळू शकते. बँकेत त्याची चौकशी करावी.

गाडी हीच कर्जास तारण असते. त्यासाठी सातबाऱ्यावर बोजा चढवू नये. तसेच पदरच्या दोन लाखांची भरती पीक कर्जातून करू नये. ही चूक अगदी सर्रास होते. पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्यासच व्याज सवलत मिळते. ती रक्कम गाडीत अडकली की फेड लांबते, सवलत जाते आणि पुढच्या हंगामास नवे कर्ज मिळत नाही. हप्ता ९० दिवस थकला की खाते बुडीत वर्गात जाते व गाडी ओढून नेण्याची कारवाई सुरू होते. वसुलीसाठी दांडगाई करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावले आहे. पण थकबाकी त्यामुळे माफ होत नाही.

पावसाळ्याची तजवीज अगोदर करावी. जून ते सप्टेंबर भातशेतीचे दिवस. काकडी, शिराळी, कारली निघतात, पण गाडी रोज भरेल इतकी नव्हे. चालक नसला तरी चार महिन्यांचा ठरलेला खर्च रु. ९२,५७६ होतो. तो उरलेल्या आठ महिन्यांत वेगळा काढावयाचा तर दरमहा रु. ११,५७२ बाजूला पडले पाहिजेत. ज्याच्या हिशेबात ही रक्कम बसत नाही, त्याची गाडी साधारणतः दुसऱ्या पावसाळ्यात विकली जाते.

परतीचे भाडे

या धंद्यात नफा जातानाच्या फेरीत नसून परतीच्या फेरीत असतो, असे जुने चालक म्हणतात व ते बरोबर आहे. परतीत सरासरी रु. ५०० जरी मिळाले तरी वरच्या उदाहरणातील २१ फेऱ्या १७ वर येतात. भाईंदर पूर्वेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, वाशीस किराणा व मसाल्याचा बाजार आहे, शिवाय गावाकडे खते, पशुखाद्य व पॅकिंगचे खोके लागतातच. गावातील किराणा दुकानदार व कृषी सेवा केंद्रचालक यांच्याशी आठवड्याचे वार ठरवून घ्यावेत. नाक्यावर उभे राहून मिळणारे भाडे दलालाच्या मर्जीचे असते. त्यातून दलाली जाते आणि उरलेली रक्कम पोच दिल्यावर, कधी महिन्याने हाती येते. कीटकनाशके किंवा खते आणल्यानंतर हौदा धुऊन, वाळवून मगच भाजीपाला भरावा.

कंपनीला गाडी लावण्याचे करारही अलीकडे बरेच होतात. करारात किमान किलोमीटरची हमी आहे का, हे पाहावेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डिझेल वाढल्यास भाडे वाढेल असे कलम आहे का? लिटरमागे पाच रुपये वाढले तर आपल्या उदाहरणात महिन्यास रु. १,८३३ जास्त जातात.

कागदपत्रे, विमा व कर

मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे परवाना घ्यावा लागत नाही. बाजारातील काही पिकअप या मर्यादेच्या अलीकडे आहेत तर काही पलीकडे, म्हणून नोंदणी पुस्तकातील वजन वाचूनच गाडी पसंत करावी. योग्यता प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व नंतर दरवर्षी घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी कायद्यात रु. २०,००० व वर प्रत्येक जादा टनास रु. २,००० दंड आहे. तीनशे किलो वांगी जास्त भरून नऊशे रुपये वाचवणाऱ्याने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

विम्यात तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी २०२२ मध्ये त्याचा दर वर्षास रु. १६,०४९ ठरविण्यात आला. गाडीच्या नुकसानीचा विमा त्यावर वेगळा. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत बसला असेल तर १९९४ च्या दुरुस्तीने त्यास संरक्षण आहे. गावची माणसे हौद्यात बसवून आणली व अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते आणि ती मालकाच्या घरादारावर येते. लग्नाच्या वऱ्हाडाला गाडी देताना नाही म्हणणे कठीण असते, हे मान्य. तरीही नाही म्हणावे.

शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त आहे, भाड्याचे नाही. लहान वाहतूकदारांसाठी १९९४ पासून आयकरात सोपी तरतूद आहे. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याने १२ टनांपर्यंतच्या प्रत्येक गाडीमागे महिन्यास रु. ७,५०० उत्पन्न धरून विवरण भरावे, तपशीलवार वह्यांची सक्ती नाही. असे विवरण तीन वर्षे नियमित भरले तर पुढच्या कर्जासही उपयोगी पडते.

वाशी की मीरा रोड?

१९९६ मध्ये भायखळ्याचा भाजीबाजार वाशीस गेला तेव्हापासून उत्तरेकडच्या उत्पादकास लांबचा वळसा पडला. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला आणि थेट विक्रीची वाट मोकळी झाली. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजारांवर होती. जेथे एकेकाळी मिठागरे व भातखाचरे होती तेथे आता सोसायट्या आहेत आणि त्यांना ताजी भाजी हवी आहे. मनोरहून मीरा रोड सुमारे ६० कि.मी. त्याच गाडीने ही फेरी केल्यास डिझेल रु. ९०० व एकूण चालू खर्च सुमारे रु. १,७१६ येतो. वाशीपेक्षा जवळजवळ रु. ७८४ वाचतात आणि घाटही टळतो.

परंतु वाशीस दीड टन माल तासाभरात खाली होतो. मीरा रोडला तो किलो-अर्धा किलोने विकावा लागतो. गाडी दिवसभर अडकते, एक माणूस तराजूवर लागतो, संध्याकाळी उरलेला माल पडत्या भावात द्यावा लागतो. शिवाय महापालिकेची परवानगी असलेली जागा हवी, नाहीतर गाडी उचलली जाते. यातून मध्यम मार्ग असा दिसतो की चार-पाच सोसायट्यांशी वार ठरवून, आदल्या दिवशी मागणी घेऊन चार-पाचशे किलो माल तेथे उतरवावा व बाकीचा वाशीस न्यावा. त्यासाठी एकाच पिकाची गाडी उपयोगाची नाही, आठ-दहा प्रकारच्या भाज्या लागतात. त्या एका शेतात पिकत नाहीत. म्हणून पाच-सहा उत्पादकांच्या गटाने एक गाडी घेणे अधिक व्यवहार्य वाटते. फेऱ्यांची संख्याही त्यातूनच भरते. गटात गाडीची वही एकाकडे व पैसा दुसऱ्याकडे ठेवावा.

जुनी गाडी

हप्ता टाळण्यासाठी जुनी गाडी घेण्याकडेही कल असतो. आठ वर्षांवरील गाडीस पर्यावरण कर व दरवर्षीची तपासणी येते, थकलेले दंड गाडीच्या नावावर असू शकतात आणि मागील कर्जाचा बोजा उतरला आहे का, हे नोंदणी पुस्तकावर पाहावे लागते. उत्तन-भाईंदर किनाऱ्यावर मासळी वाहिलेली गाडी रंगावरून नवी दिसते. बर्फाचे खारे पाणी मात्र हौद्यातून झिरपून चेसीस खाते. अशी गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर चढवून, खालून हातोडीने ठोकून पाहावी. आवाज बद्द आला आणि गंजाचे पापुद्रे सुटले तर सौदा तेथेच थांबवावा.